मिशिगनमधल्या नोव्हायच्या काकांना, त्या अडकलेल्या पुंगळीबद्दल

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून विषयच संपवता, म्हणून इथे लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण आपल्या मंडळात तुम्ही म्हणजे ढोल ताणून देणारे काका, एवढीच तुमची ओळख. पिंपरीच्या टूलरूममध्ये सुरुवात करून मग डेट्रॉइटकडे डाय (धातूचे साचे) बनवण्यात आयुष्य काढलेला हा माणूस वीसेक वर्षं दर शनिवारी ट्रॅप शूटिंगला, म्हणजे उडत्या तबकड्या बंदुकीने फोडायला जातो हे मला तरी कुठे माहीत होतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. लेक हायस्कूलच्या क्ले टार्गेट टीममध्ये गेली. डांबर आणि चुनखडीच्या भुग्याची बशीसारखी तबकडी, जेमतेम १०८ मिलिमीटरची, ती समोरून सुसाट उडते आणि १६ यार्डांवरून फोडायची, एका राउंडला २५. घरात आधी महाभारत झालं, मग नवरा तयार झाला, कुलपाची तिजोरी आली (मिशिगनमध्ये २०२४ पासून घरात अल्पवयीन मूल असेल तर बंदूक कुलूपबंद ठेवणं तसंही सक्तीचंच आहे) आणि मग एक जुनी पंप अ‍ॅक्शन बंदूक घेतली, म्हणजे दर बारानंतर पुढची मूठ मागे-पुढे करायची अशी, रेमिंग्टन ८७०, बारा गेज (नळीच्या व्यासाचं माप). हे मॉडेल १९५० पासूनचं. नळीवरच्या दोन अक्षरांवरून तिचं वय तुम्हीच काढून दिलंत, इंग्रजीत BLACKPOWDERX या शब्दाची बारा अक्षरं म्हणजे बारा महिने, आमच्या नळीवर के, म्हणजे मे महिना, आणि पुढच्या अक्षरावरून साल १९७४. माझ्यापेक्षा म्हातारी निघाली. हे ऐकून लेक तिला "आज्जी" म्हणायला लागली ते अजून चालूच आहे.

तर आज्जीचं दुखणं असं की पहिले चार-पाच बार नीट, मग पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच, अडकायची. कधी पुढची मूठ मागे ओढली तर हलायचीच नाही. कधी मागे यायची पण रिकामी पुंगळी आत चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथेच. टीमची बाकीची पोरं पुढच्या स्टेशनवर सरकून उभी आणि आमची रडवेली होऊन हँडल ओढतेय. एकदा मीच पुढे होऊन, कुठेतरी बघितलं होतं म्हणून, दस्ता जमिनीवर आपटला. रेंजवरच्या माणसाने जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि त्याचं बरोबरच होतं, नळीवर तोंड आणून कोणी बंदूक आपटतं का.

मी ठरवूनच टाकलं होतं की एक्स्ट्रॅक्टर तुटला, म्हणजे तो पुंगळीची कड धरून ओढणारा छोटा आकडा. दुकानात विचारलं तर तीन आठवडे थांबा म्हणाले. पार्टही कार्टमध्ये टाकून ठेवला होता. गणपतीच्या मीटिंगला हे रडगाणं कोणाला तरी सांगत होते आणि तुम्ही खुर्च्या लावता लावता नुसतं विचारलंत, "पुंगळ्या ठेवल्यास का टाकल्यास?"

टाकल्या होत्या, अर्थातच. "पुढच्या वेळी दहा घेऊन ये. बंदूक नंतर बघू."

मला तेव्हा खरं सांगू का, वाटलं काकांना नीट समजलं नाही. मी बंदुकीबद्दल विचारतेय आणि हे कचरा मागतायत. पण दहा पुंगळ्या पिशवीत घालून तुमच्या गॅरेजमध्ये आणल्या, आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून त्या एकेक करून ट्यूबलाइटखाली फिरवल्यात. पितळी दिसणाऱ्या बुडाची जी कड असते तिच्यावर चार पुंगळ्यांना एकाच जागी बारीक ओरखडा, मांजराने नख मारल्यासारखा. "हे बघ, आकडा धरतोय. ओढून ओढून शेवटी सटकलाय. म्हणजे चोर आकडा नाही, पुंगळी सोडत नाहीये." मग नळीवर काय लिहिलंय ते बघितलंत, आमची पावणेतीन इंची काडतुसांची, आणि काडतुसंही पावणेतीनचीच निघाली तेव्हा तुम्ही हुश्श केलंत. तीन इंची काडतूस त्या चेंबरमध्ये जातं पण उडाल्यावर तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो, हे मला माहीतच नव्हतं. मी तर दुकानात स्वस्त दिसेल तो डबा उचलणार होते. खरंच.

आणि मग फ्रिजवरचा मॅग्नेट! त्या शिर्डीच्या साईबाबांच्या मॅग्नेटने तुम्ही पुंगळीचं बूड उचललंत आणि ते टिच्चून चिकटलं. वरून पितळेचा रंग, आतून लोखंड. पितळ फुगतं आणि परत आकसतं, हे स्वस्तातलं स्टील फुगलं की तितकं परत येत नाही, आणि चेंबर खरखरीत असेल तर तिथेच रुतून बसतं. तुम्ही तुमच्याकडची पितळी बुडाची पुंगळी शेजारी ठेवून दोन्हीला व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं माप) लावून दाखवलंत, फरक केसाएवढा पण होता. मी इतकी वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, बग रिपोर्ट न वाचता कोडला हात लावणाऱ्यांना शिव्या घालते, आणि इथे मी तेच करत होते की.

नंतरचं काम तुम्ही स्वतः करून दिलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं. नाही केलंत. हात मागे बांधून उभे राहिलात आणि माझ्याकडून करून घेतलंत, त्याचे आभार जास्त. काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत. मग मॅगझिन (काडतुसं भरायची खालची नळी) रिकामं आहे का, मग चेंबर, "डोळ्याने नाही, करंगळीने बघ". टोपी फिरवून नळी काढली, उडालेली पुंगळी चेंबरमध्ये सरकवली, खरं तर ती आपोआप बाहेर पडायला हवी, आमची पडेना, पुढून लाकडी दांडा घालून ढकलावी लागली. टॉर्च मारल्यावर चेंबरच्या आत तपकिरी ठिपके आणि प्लास्टिकचं चकचकीत किट्ट. गंज आधीच्या मालकाचा की माझा यावर मी वाद घालणार होते पण वर्षभर मी फक्त नळीतून कापड फिरवत होते आणि चेंबरला कधी ब्रशच लावला नव्हता हे तुम्हाला दिसतच होतं.

मग सॉल्व्हंट लावून चहा. (चहा फार गोड करता काका, डॉक्टरांनी काय सांगितलंय.) मग बारा गेजचा कांस्याचा ब्रश, त्याला चार शून्यांची, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल गुंडाळलेली, थोडं तेल, रॉडचा तुकडा ड्रिलच्या चकमध्ये, आणि स्पीड अगदी कमी. "एका जागी थांबायचं नाही, पुढेमागे, वीस सेकंद, मग पूस आणि बघ. चेंबरच्या पुढे जायचं नाही. मटेरियल काढायचं नाहीये, घाण काढायचीय. जॉब आणि घाण यातला फरक हाताला कळतो." पहिल्यांदा वूल काळी आली, मग चॉकलेटी, पाचव्या वेळी राखाडी, आणि तिथे तुम्ही बस म्हणालात. मला अजून दोनदा फिरवायचं होतं, छान चमकत होतं म्हणून. तुम्ही ड्रिलची बॅटरीच काढून घेतलीत.

आकड्याचंही बघितलंच. बोल्ट, म्हणजे ज्यावर तो आकडा बसतो तो भाग, प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून मग त्याच्या मागची पिन दाबायला लावलीत, आणि स्प्रिंग टुणकन उडून पिशवीतच आपटली, नाहीतर आज ती तुमच्या गॅरेजमध्ये शोधत बसले असते. आकड्याची धार शाबूत, पण त्याखाली जुनं तेल आणि बारूद मिळून डिंकासारखा थर झाला होता, स्प्रिंगही थकलेली. थर टूथपिकने काढला, स्प्रिंग तेवढी नवी घातली. कार्टमधला एक्स्ट्रॅक्टर उडवला.

एक तुम्हाला सांगायचं राहिलं. कागलकडे आमच्या आजोबांकडे परवान्याची बारा बोअर बंदूक होती, उसात रानडुकरं यायची म्हणून. सिंगल नळी, मधून मोडायची. पावसाळ्यात कागदाची काडतुसं फुगून त्यांचीही अडकायची, आणि आजोबा ओसरीवर बसून चाकूच्या टोकाने ती उकरायचे, आम्हा पोरींना उंबऱ्याच्या आत थांबवून. मला हात लावू देत नसत, भावाला देत. तुम्ही ड्रिल माझ्या हातात दिलंत तेव्हा मला ते आठवलं होतं, पण तेव्हा बोलले असते तर रडले असते, आणि ड्रिल चालू होतं.

परवा शनिवारी दोन राउंड झाले. काडतुसं पितळी बुडाची, मॅग्नेट खिशात घेऊन दुकानात गेले होते, काउंटरवरचा पोरगा बघतच राहिला. ५० पैकी एकही अडकली नाही, मूठ मागे ओढली की पुंगळी टणकन बाहेर. लेकीच्या तबकड्या फुटल्या ३१, त्यात आज्जीचा दोष नाही, लेक टार्गेटच्या मागे मारते असं कोच म्हणाले. ते तुम्ही तिला शिकवा, मला त्यातलं काही कळत नाही.

तुमचा ब्रश माझ्याकडेच राहिलाय. त्याची पार वाट लागलीय, परत देण्यासारखा नाही, नवीन आणलाय, रविवारी घेऊन येते. सोबत दहा पुंगळ्या पण आणते, बघून ठेवा.

तुमची,
आज्जीवाल्या पोरीची आई