मोडेमवर गळणारी अक्षरे आणि केबलचे बिल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

विषय: टर्मिनलवर अक्षरे गळण्याबाबत तक्रार व केबलच्या बिलाचा परतावा

महोदय,

आपल्याकडून घेतलेला मोडेम (टेलिफोनच्या लाइनवरून संगणकाचा मजकूर नेणारे-आणणारे यंत्र) आमच्या पतसंस्थेच्या शाखेत व्हीटी-२२० टर्मिनलला, म्हणजे दूरच्या संगणकाचा मजकूर दाखवणाऱ्या पडदा-कीबोर्डला, जोडलेला आहे. मुख्य कार्यालयातील युनिक्स संगणकावरून खात्यांची यादी मागवली की सुरुवातीच्या ओळी नीट येतात, मग मधलीच अक्षरे गायब. १२,४५० रुपयांची बाकी १,४५० दिसते. ओळ संपल्याची खूण गळाली तर दोन खातेदार एकाच ओळीत येतात. पैशाच्या कामात हे कसे चालेल?

आपल्या इंजिनिअरांनी टेलिफोनच्या लाइनवर खापर फोडले. लाइन खराब असती तर अक्षरांच्या जागी कचरा आला असता; शिवाय मोडेममधली व्ही.४२ चूकदुरुस्ती चालू आहे. इथे कचऱ्याचे नाव नाही, अक्षरे नुसती नाहीशी होतात. तीही लांब यादीतच, आणि टर्मिनलवर स्मूथ स्क्रोल, म्हणजे ओळी सावकाश वर सरकवणे, चालू असले की जास्त. वेग सेकंदाला २४०० बिटांवर आणला की एकही अक्षर जात नाही.

व्हीटी-२२०चा बफर, म्हणजे आलेली अक्षरे दाखवेपर्यंत ठेवण्याची जागा, २५४ अक्षरांचा. आमच्या सेटिंगप्रमाणे ६४ भरली की तो एक्सऑफ, म्हणजे कंट्रोल-एस, पाठवून ‘थांब’ म्हणतो. उरलेली १९० अक्षरांची जागा ९६०० च्या वेगाने भरायला जेमतेम सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. आपला मोडेम मात्र एटी&के३ या सेटिंगवर, म्हणजे केबलमधल्या ‘थांब-चल’ सांगणाऱ्या आरटीएस-सीटीएसच्या तारांकडे डोळे लावून. एक्सऑफ तो साध्या अक्षरासारखा पलीकडे ढकलतो. तिकडचा संगणक थांबतोही, पण तोवर मोडेमच्या स्वतःच्या बफरात साचलेला मजकूर टर्मिनलवर ओतला जातो.

त्यानंतरच्या भेटीत इंजिनिअरांनी सगळ्या पिना जोडलेली नवी केबल लावली आणि केबल व भेट असे दोन्हींचे बिल दिले. येणारी अक्षरे थोपवायला व्हीटी-२२० आरटीएस वापरतच नाही, तेव्हा तारा तीन असोत की पंचवीस! गळती अर्थातच तशीच राहिली.

शेवटी आपल्याच पुस्तिकेप्रमाणे मी एटी&के४ ही आज्ञा, म्हणजे एक्सऑफ (‘थांब’) व एक्सऑन (‘चल’) या खुणा पाळण्याचे सेटिंग, देऊन एटी&डब्ल्यूने साठवले. गळती बंद झाली. पुढच्या भेटीत इंजिनिअरांनी एटी&एफ देऊन फॅक्टरी सेटिंग परत आणले, तेच साठवले, आणि ‘सेटिंगला हात लावल्यास वॉरंटी जाईल’ असे बजावून गेले. पुस्तिकेत छापलेली आज्ञा दिल्याने वॉरंटी कशी जाते, हे कळले तर बरे. एक्सऑन-एक्सऑफ ठेवले तर बायनरी (साधा मजकूर नसलेल्या) फाइलींतले १७ आणि १९ क्रमांकाचे, म्हणजे याच दोन खुणांचे, बाइट मोडेम गिळू शकतो, याची मला कल्पना आहे. आमच्या शाखेत फाइली पाठवल्या जात नाहीत, फक्त मजकूर येतो.

तरी केबल व भेटीची रक्कम परत करावी आणि या टर्मिनलसाठी एटी&के४ ठेवण्यास हरकत नसल्याचे लेखी कळवावे. तसेच यापुढे येणाऱ्या इंजिनिअरांनी एटी&एफ देण्याआधी एटी&व्हीने चालू सेटिंग पाहून लिहून ठेवावे. दोन्ही बिलांच्या आणि गळालेल्या यादीच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
शाखा लेखापाल