स्वप्नांचा मान राखणारे वेंदात

महोदय,

स्वप्नांच्या अर्थाविषयी लिहायचे म्हटले की आपल्याकडे सुरुवात हमखास फ्रॉइडपासून होते. पण त्याच्या अडीचशे वर्षे आधी, आजच्या कॅनडात जॉर्जियन उपसागराजवळ राहणाऱ्या वेंदात या मूळनिवासी लोकांनी मनाचा हा तळ जाणला होता. (‘ह्युरन’ हे फ्रेंचांनी त्यांना दिलेले नाव.)

आत्म्याच्या काही इच्छा माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतात, त्या स्वप्नांतून बोलतात आणि अपुऱ्या राहिल्या तर आजार होतो, अशी त्यांची धारणा होती. जेझुइट पाद्री पॉल रागनो यांनी १६४८च्या वृत्तांतात ती नोंदवली आहे. मला भावते ते पुढचे. आजाऱ्याची इच्छा पुरवणे हे साऱ्या गावाचे काम असे. ओनोन्हारोइया या हिवाळी उत्सवात लोक घरोघर जाऊन आपले स्वप्न कोड्यात सांगत. ओळखणाऱ्याने स्वप्नातली ती वस्तू द्यायची!

सभोवतालच्या शक्तींना ते ‘ओकी’ म्हणत. आकाशातला ओकी सर्वांत समर्थ, ऋतू आणि वारे त्याच्या हाती. खडकांतल्या ओकींना प्रवासी तंबाखू वाहत. पाद्र्यांना यात सैतान दिसला. मला तर यात माणसाविषयीची खोल आस्था दिसते.

देवीसारख्या साथी आणि १६४९ची युद्धे यांनी हा समाज विखुरला, पण संपला नाही. क्वेबेक शहराजवळ वेंडाके येथे वेंदात आजही राहतात. म्हणून त्यांच्याविषयी लिहिताना ‘लुप्त जमात’ हा शब्द कृपया वापरू नये.

– एक वाचक, सांगली