तुझ्या लढाईनंतरच्या गावाला आधी बांध दे

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पाठवलेली प्रकरणं वाचून झाली. लढाई संपल्यावर गावात येणारी तुझी ती सेवासंस्था मला फार आवडली. तलवारवाल्यांच्या गोष्टी पुष्कळ असतात; जळालेल्या गावात कुदळ-घमेली घेऊन येणाऱ्यांवर तू लिहायला बसलीस, याचा मनापासून आनंद झाला. म्हणूनच जे खटकलं तेही सांगते. तुझे सेवक मंत्र म्हणतात आणि शत्रूनं समुद्राचं पाणी सोडून नासवलेलं शिवार एका रात्रीत हिरवं होतं. बाय, तू अलिबागच्या खारेपाटातली, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली मुलगी. खाऱ्या पाण्यानं गेलेली जमीन परत कशी येते, हे तुला माहीत नसेल तर कुणाला असणार?

खाडीच्या बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की काय होतं ते आठव. उधाणाच्या दिवसांत तिथे कुणी हात घालत नाही. भांग, म्हणजे लहान भरतीचे दिवस, लागेपर्यंत थांबायचं, आणि मग ओहोटीच्या तेवढ्या तासांत जीव तोडून काम करायचं. आधी खुंट ठोकायचे, त्यांच्या आड पेंढा आणि झुडपांचे भारे दाबायचे, मग चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायची. भरती चढायच्या आत तोंड बुजलं नाही, तर दिवसभराची माती पाणी घेऊन जातं. त्या रांगेत ज्यांचं एकमेकांच्या दारी जाणं-येणं बंद आहे असे भाऊबंद शेजारी शेजारी उभे राहिलेले मी पाहिले आहेत. खांड एकाच्या शेतापाशी पडते, बुडतं बांधाआडचं सगळं खार. रागावून घरी बसणाऱ्याचंही भात जातं. ढेकूळ हातात देताना पहिल्यांदा एवढंच बोलणं होतं, ‘धर’, ‘दे’, ‘सांभाळ’. समेटाच्या बैठका नंतरच्या.

तुझ्या गोष्टीत दोन गावं एकमेकांविरुद्ध लढली आहेत. तुझी संस्था त्यांना एकत्र बसवून भाषण देते. ते भाषण काढून टाक आणि त्यांना एकच बांध दे.

बांध धरला म्हणजेही जमीन आली असं नाही. आपल्याकडे मीठ धुतो तो पाऊस. उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, ओहोटीला पाणी बाहेर जाऊ द्यायचं, भरतीला दार मिटलेलं राहिलं पाहिजे. रान गोडं झालं की मोड आलेलं भात रहू पद्धतीनं फेकायचं, खारं सोसणारा राता हा भाताचा वाण किंवा आता पनवेलच्या संशोधन केंद्राचे वाण. उन्हाळ्यात मीठ पुन्हा वर येतं, जमिनीवर पांढरं दिसतं, पुढच्या पावसात पुन्हा धुवायचं. हे दरवर्षीचं आहे. म्हणून एका हंगामानंतर झेंडा गुंडाळून निघून जाणारी संस्था मला पटत नाही.

हे खऱ्या युद्धातही घडलंय. ऑक्टोबर १९४४ मध्ये जर्मनांना हुसकण्यासाठी मित्रराष्ट्रांच्या विमानांनी नेदरलँड्समधल्या वाल्खेरेन बेटाचे समुद्रबांध फोडले. सोडवायला आलेल्यांनीच शेतं बुडवली, हे मला फार लागलं. सुमारे वर्षभर भरती-ओहोटीचं पाणी त्या बेटावर ये-जा करत होतं. भगदाडं बुजवायला शेवटी बंदरासाठी बनवलेले काँक्रीटचे अजस्र पेटारे बुडवावे लागले. मग शेतांत जिप्सम टाकलं, कारण सोडियम चिकणमातीला धरून बसलं की माती मिटते आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हुसकतं. तुला मंत्र हवाच असेल तर तो जिप्समसारखा असू दे. माती मोकळी करेल, पण पावसाची वाट बघावीच लागेल.

सुरुंगांचंही तसंच. मोझांबिकचं यादवी युद्ध १९९२ मध्ये थांबलं आणि देश सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर व्हायला २०१५ उजाडलं. तिथे वासावरून सुरुंग हुडकणारे मोठे उंदीर होते. तुझ्या कादंबरीतल्या गरुडांपेक्षा हे उंदीर मला जास्त आवडतील.

आणि एक फार महत्त्वाचं. बियाणं वाटण्याआधी जमीन कुणाची ते ठरव. कागद जळाले, धनी मेला, कसणारा जिवंत आहे. मग पीक कुणाचं? आपल्याच अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकरी संपात १९३३ ते १९३९ कुळांनी खोतांची जमीन कसली नाही, रानातली लाकडं विकून दिवस काढले, उपाशी राहिले, पण मागे हटले नाहीत. राबणाऱ्याच्या हातात काही लागणार नसेल तर हिरवं झालेलं शिवार खोताचंच भलं करतं. तुझी संस्था चांगल्या मनाची आहे, पण हा प्रश्न ती एकदाही विचारत नाही. तो तिच्यातल्या सगळ्यात लहान मुलीच्या तोंडी घाल, आणि वरच्यांना उत्तर सुचू देऊ नकोस.

गणपतीला येशील तेव्हा उघाडीवर जाऊ. भरती चढताना पाण्याच्या दाबानं दार कसं मिटतं ते जवळून बघ, वही बरोबर आण. ते प्रकरण तिथे बसूनच लिही. जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई