डबे परत न्यायला या

आई गेली त्या रात्रीपासून दहाव्यापर्यंत आमच्या सासवडच्या घरी चूल पेटली नाही, पण उपाशी कुणी झोपलं नाही. ओट्यावर पिठलं-भाकरी कोण ठेवून जायचं, कळलंच नाही.

माउलींची पालखी दिवेघाट चढून मुक्कामाला यायची, तेव्हा आई पहाटे तीनलाच परात ओढून भाकऱ्या थापायला बसायची. जाळ बाबांकडे, पाणी वाटणं नातवंडांकडे. बचतगटाची वहीही तिच्याच उशाशी. हिशेबाला कच्ची, तूट स्वतःच्या पदरची भरायची!

खांदा देणारे, रात्री दोनला रिक्षा काढून भाडं न घेणारे, सगळ्यांचे आम्ही मनापासून आभारी आहोत.

तीन डबे राहिलेत. दोघांवर नाव नाही. तिसऱ्यावर आईचंच कोरलेलं आहे. कधीतरी तिनेच कुणाला भरून दिलेला.