सरपंच झालेल्या लेकीस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गुलाल धुऊन झाला असेल तर आधी एक कंटाळवाणं काम उरक. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो, खर्च कितीही कमी असला तरी. तो न देणारा पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतो. हार-तुऱ्यांच्या गडबडीत जिंकलेल्या माणसाला हा कागद आठवत नाही आणि हरलेला नेमकी तीच तारीख मोजत बसतो. हिशेब दे, पोहोच घे, पोहोच जपून ठेव.

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मधलं कलम १४ शांतपणे वाच. कराचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर सदस्यत्व जातं, म्हणून आपली घरपट्टी-पाणीपट्टी पहिल्या आठवड्यातच भरायची. सरकारी जागेवरचं अतिक्रमण घरच्यांनी केलेलं असलं तरी ते सदस्याच्या अंगाशी येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. आणि पंचायतीच्या कोणत्याही कामावर आपल्या घरचा ट्रॅक्टर लागणार नाही. बिल काढलंस तर तो ठेक्यात हितसंबंध झाला.

आता मुद्द्याचं. सरपंचाला पहिल्या वर्षी विरोधकांपेक्षा स्वतःची सही जास्त गोत्यात आणते. केंद्राच्या वित्त आयोगाचे पैसे ऑनलाइन निघतात: भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, बिल तयार करून पुढे पाठवतात, तू मंजूर करतेस, आणि दोघांच्या डिजिटल सह्या झाल्या की रक्कम थेट ठेकेदाराच्या खात्यात जाते. तुझी सही म्हणजे पेन ड्राइव्हएवढं एक टोकन आणि त्याचा पासवर्ड. ‘मॅडम, सारखं कुठं बोलावायचं तुम्हाला, इथंच राहू द्या’ असं कुणीतरी फार अदबीने म्हणेल. टोकन ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये राहिलं की बिलं तुझ्या नावाने मंजूर होतात, आणि चौकशीत ‘मला माहीत नव्हतं’ याला कवडीची किंमत नसते. टोकन तुझ्या पर्समध्ये राहील. पासवर्ड मलाही सांगायचा नाही. ग्रामनिधीच्या, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या खात्याच्या, कोऱ्या चेकवर सही करून ठेवायची नाही, भाऊसाहेब कितीही सज्जन असले तरी. (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गाव भाऊसाहेबच म्हणणार.)

प्रोसिडिंगचंही, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताचंही, तसंच. हजेरीवर सह्या सभेच्या सुरुवातीला होतात आणि ठराव चार दिवसांनी निवांत लिहिले जातात. मधल्या मोकळ्या जागेत न झालेला ठराव उगवतो. म्हणून सभा संपायच्या आत ठराव लिहून घे, सूचक-अनुमोदकाचं नाव घाल, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ आणि मग सही. मासिक सभा दर महिन्याला झालीच पाहिजे. सबळ कारण नसताना ती चुकवणं हे सरपंचपद जाण्याचं कारण आहे.

पहिल्या वर्षी मनासारखं काम निघणार नाही, त्याने खचू नकोस. या वर्षीचा विकास आराखडा आधीच्या मंडळींनी केलेला असतो आणि आराखड्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा मिळत नाही. शिवाय पंधराव्या आयोगात पहिलं वर्ष सोडलं तर ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. ‘निवडून आल्यावर सभामंडप’ असा शब्द देणारे म्हणूनच तोंडावर पडतात. पुढच्या वर्षीच्या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आधीच कर. वाड्या-वस्त्यांवर स्वतः जा, बायकांची सभा ग्रामसभेच्या आधी घे. तिथे नळाचा आणि गटाराचा विषय जितका नेमका कळतो तितका चावडीवर कळत नाही.

ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १००, यातला कमी आकडा लागतो. कोरम न भरल्याने तहकूब झालेल्या सभेला ती अट नसते, त्यामुळे काही गावांत मुद्दाम तहकूब करून सात-आठ जणांत सगळं उरकतात. असे ठराव कागदावर टिकतात, गावात टिकत नाहीत. पोपटराव पवारांनी हिवरे बाजारात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लोकांसमोर मान्य करून घेतली, म्हणून ती पाळली गेली. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडायची त्यांची रीत तू पहिल्याच वर्षी उचलू शकतेस. तिला निधी लागत नाही, पर्जन्यमापक आणि चिकाटी लागते.

काँक्रीटचा रस्ता होईल तेव्हा फोटोपुरती जाऊ नकोस. बाजूची माती भरण्याआधी कडेला टेप लावून जाडी बघ, तीन-चार ठिकाणी. मध्यभागी सगळे पूर्ण जाडी देतात, चोरी कडेला आणि खालच्या जमिनीला उंचवटा असेल तिथे असते. पाणी निदान चौदा दिवस मारलं पाहिजे. अभियंत्याच्या मोजमाप पुस्तिकेतले आकडे तुझ्या वहीतल्या आकड्यांशी जुळल्याशिवाय बिलाला हात लावायचा नाही. आणि निविदा टाळायला एकाच रस्त्याचे तीन तुकडे केलेले दिसले तर तिथेच थांबव. लेखापरीक्षक पहिल्यांदा तेच शोधतो.

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. मार्चपर्यंत ठेवलंस तर घाईत भांडी वाटण्याची वेळ येते. दिवाळीआधी खर्च कर.

पाच वर्षांनी आरक्षण फिरेल, हीच जागा परत मिळेल असं धरून चालू नकोस. उपसरपंच आणि विरोधी सदस्यांना प्रत्येक कामाची कागदपत्रं आपणहून दाखव. माहितीच्या अधिकारातले निम्मे अर्ज रुसव्यातून येतात.

मी कार्यालयात येऊन बसणार नाही. वडील किंवा नवरा खुर्चीशेजारी दिसला की लोक फाइल त्याच्यापुढे सरकवतात आणि वर्षभरात तुला कुणी विचारेनासं होतं. सहीसाठी कुणी घरी आलं तर मी चहा देईन आणि कार्यालयाची वेळ सांगेन.

तुझे,
बाबा