अ‍ॅपवरचा तबला चुकत नाही, हीच अडचण

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, मोबाईलवरच्या तानपुरा-तबल्याच्या अ‍ॅपमुळं लेकरांचं गाणं बिघडायलंय म्हणून. ते वाचून लिहायला बसलो. मी सेलूला पेटी (हार्मोनियम) अन् गायन शिकवतो, 25 वर्षं झाली.

त्यांचं म्हणणं मला अर्धंच पटलं. आपल्याकडं खेड्यात पहाटे पाचला कोणता तबलजी उठून येणार आहे हो? मिरजेचा चांगला तानपुरा घ्यायचा म्हणलं तर कापूस विकून आलेल्या पैशात तो बसत नाही, अन् घेतलाच तरी आपल्या 42-43 डिग्रीत तारा सारख्या उतरतात, जवारी, म्हणजे तारेची गुंज, बिघडली की परत मिरज गाठा. फोनवर काळी चारचा सूर लावला की लेकरू रियाजाला बसतं. लाईट गेली तरी बसतं. हे काही थोडं नाही.

उलट एक गंमत सांगतो. माझ्याकडं सातवीतला एक पोरगा आहे, वर्षभर घरी इयरफोन लावून तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर गातोय. एक दिवस क्लासमधी म्हणला, सर तुमच्या पेटीचा ग (गंधार) चढा लागायलाय. आधी मला रागच आला, म्हणलं तू मला शिकवणार का, मग पेटी बंद करून नुस्ता तानपुरा लावला, ग म्हणून घेतला, परत पेटीची पट्टी दाबली, अन् खरंच की! पेटीचे बाराही सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, पण तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे खालच्या सा च्या तारेतून, जो गंधार आपोआप ऐकू येतो तो पेटीच्या ग पेक्षा किंचित उतरलेला असतो. असल्याच तक्रारींवरून 1940 साली रेडिओनं पेटीला बाहेर काढलं होतं. ते पोरानं फोनवर ऐकून पकडलं, मी 25 वर्षं पेटी वाजवून कान बोथट करून घेतला. फक्त एक, फोनच्या बारक्या स्पीकरवर खर्ज नीट निघतच नाही, बरा स्पीकर नाहीतर इयरफोन लागतो. आणि रियाज चालू असताना मधीच जाहिरात वाजते त्याचं काय करायचं ते करा कुणीतरी.

आता बिघडतंय कुठं ते सांगतो. गेल्या वर्षी आमची एक मुलगी परीक्षेला बसली, राग भूप, सोळा मात्रांचा तीनताल. घरी रोज अ‍ॅप, लय मिनिटाला 130 मात्रांवर ठरलेली, स्क्रीनवर मात्रा पळतात, नववी दिसली की मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलायचा. इतकं पक्कं की मी निर्धास्त होतो. केंद्रावर समोर जितेजागते तबलजी, त्यांनी ठेका धरला तो तिच्या सवयीपेक्षा जरा सुस्त, दुसऱ्या आवर्तनात त्यांनी एक छोटा तुकडा टाकला अन् पोरगी थांबली. थांबून तिनं कुठं बघितलं माहितीय का? तबलजीच्या हाताकडं नाही, समोरच्या टेबलावर, घरी जिथं मोबाईल ठेवायची तिथं.

चूक पोरीची नाही, माझी. अ‍ॅपला तुमचं गाणं ऐकू येत नाही, तुम्ही ओढा का घाई करा ते आपलं चाललेलंच असतं. तबलजी तुमच्या तोंडाकडं बघतो, दम घेतला की सावरून घेतो, कधी मुद्दाम छेडतो पण. ते लेकरांना मी दिलंच नव्हतं.

तेव्हापासून क्लासमधी फोन पालथा ठेवायचा, मात्रा बघायच्या नाहीत, ताल हातावर टाळी-खाली देऊन मोजायचा. ब्लूटूथ स्पीकर असला तर स्क्रीनवर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येऊन जाते अन् आवाज मागून येतो, म्हणून बघून गायची सवय तर आणखीच वाईट. अन् पंधरा दिवसातून एका रविवारी आमच्याकडं सप्त्यात पखवाज वाजवणारे एक माऊली येतात, तबलाही धरतात, शिक्षण चौथी. लेकरांना म्हणतात, "म्हणा तुम्ही, मी येतो मागं." पहिल्या रविवारी सगळे पडले. आता दिवाळीपर्यंत चार जण तरी समेवर येतील असं वाटतंय.

मूळ मुद्दा असा की शाळांमधी आता स्मार्ट टीव्ही आलेत, त्यावर तबला वाजतो म्हणून तबलजीचं मानधन बंद, असं एका शाळेत मला तोंडावर सांगितलं. अरे टीव्ही लावा ना, कोण नको म्हणतंय, पण महिन्यातून दोन तास तरी माणूस बोलवा. मराठवाड्यात गावोगाव सप्ते होतात, पखवाज धरणारा शोधायला लांब जायची गरज नाही, जायचं भाडं अन् दोन पैसे द्या म्हणजे झालं.

आणि वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर जुना तबला-डग्गा पडून असेल तर जवळच्या शाळेला देऊन टाका, वरची काळी शाई उडालेली असली तरी चालेल, पुडी, म्हणजे वरचं कातडं, बदलून घेता येते.

– एक संगीत शिक्षक, सेलू, जि. परभणी