अण्वस्त्रे ठेवा, पण खर्चावर बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अणुबॉम्बवरचा खर्च थांबवा, तो पैसा पूरनियंत्रणाला द्या’ अशा आशयाचे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कुठवर गेली हे आम्ही कोल्हापूरकरांनी भोगले आहे, त्यामुळे त्या पत्रातला संताप समजतो. पण संरक्षणातून वाचलेला पैसा आपसूक पंचगंगेच्या काठी येईल, हा भाबडेपणा झाला.

अण्वस्त्रे टाकून द्यावीत हेही मला पटत नाही. युक्रेनने १९९४ च्या बुडापेस्ट करारानुसार आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रे रशियाच्या हवाली केली. बदल्यात सीमांना हात लावणार नाही, अशी लेखी हमी मिळाली आणि हमी देणाऱ्यांत खुद्द रशिया होता. (त्या अस्त्रांच्या किल्ल्या तेव्हाही मॉस्कोकडेच होत्या, हे खरे. पण कागदी हमीची किंमत कळायची ती कळलीच.)

आपले धोरण २००३ साली जाहीर झाले. अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही, पण आपल्यावर वापरले गेले तर जबर उत्तर देऊ. हे पाळणे महागात पडते. पहिला घाव सोसायचे ठरवल्यावर, त्यानंतरही शाबूत राहील असे काही हाताशी लागते. जमिनीवरचे तळ शत्रू हेरू शकतो, समुद्राखाली दडलेली पाणबुडी शोधणे कठीण. ‘अरिहंत’ची पहिली गस्त २०१८ मध्ये पूर्ण झाली, २०२४ मध्ये ‘अरिघात’ नौदलात आली. ज्याला ‘आधी वापरणार नाही’ हा शब्द पाळायचा आहे, त्याने या पाणबुड्यांच्या खर्चावर कुरकुर करू नये.

माझी शंका पुढे सुरू होते. मार्च २०२४ मध्ये अग्नी-५ ची चाचणी झाली, तीत एकाच क्षेपणास्त्रातून अनेक अण्वस्त्रे वेगवेगळ्या लक्ष्यांवर सोडण्याचे तंत्र वापरले होते. शास्त्रज्ञांचे कौतुक आहेच. पण एका क्षेपणास्त्रावर तीन-चार अस्त्रे बसवायची म्हटली की अस्त्रांची संख्या वाढवण्याचा मोह आलाच. जगभरच्या शस्त्रसाठ्यांचा अभ्यास करणाऱ्या स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेचा अण्वस्त्रांचा २०२५ चा अंदाज असा: भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे १७० आणि चीनकडे ६००. चीनचा आकडा पाहून आपणही धावत सुटायचे का? याच चीनने १९६४ च्या पहिल्या चाचणीनंतर कित्येक दशके अमेरिका-रशियाच्या हजारो अस्त्रांसमोर मोजकाच साठा ठेवला होता, आणि त्याच्यावर हल्ला करायला कोणी धजावले नाही. धाक बसवायला शत्रूची दोन-चार मोठी शहरे टप्प्यात असणे पुरते.

बॉम्ब काय रोखत नाही, तेही पाहू. मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले आणि वर्षभरात कारगिल घडले. पुढे उरी, पुलवामा, पहलगाम. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या चार दिवसांत कामाला आली ती साधी क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि हवाई संरक्षण यंत्रणा. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावांतून पोरे पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली आहेत. सीमेवर उभी राहतात ती हीच पोरे. २०२५-२६ चे संरक्षण बजेट ६ लाख ८१ हजार कोटींचे होते, त्यातले सुमारे १ लाख ६० हजार कोटी पेन्शनचे. उरलेल्यातून जवानांची हत्यारे, दारूगोळा, विमाने हे सगळे भागवायचे. तिथे अण्वस्त्रांची संख्या फुगली तर ओढाताण कुठे होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

अस्त्रांच्या सुरक्षिततेवरचा पैसा मात्र आखडू नये. मार्च २०२२ मध्ये आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटके नव्हती, म्हणून निभावले. तीन अधिकारी बडतर्फ झाले.

ब्रिटनने आपल्या नव्या अणु-पाणबुड्यांचा खर्च ३१ अब्ज पौंड, शिवाय १० अब्जांची राखीव तरतूद, असा उघड सांगितला आणि २०१६ मध्ये त्यावर संसदेत मतदान घेतले. ठराव ४७२ विरुद्ध ११७ मतांनी मंजूर झाला. तळ कुठे आहेत, अस्त्रे कुठे ठेवली, हे कोणी विचारलेले नाही. आपल्या अर्थसंकल्पात मात्र अण्वस्त्रांसाठी वेगळा रकाना नाही. कोल्हापूर आणि हातकणंगल्याच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात एवढेच विचारावे: या कार्यक्रमावर दहा वर्षांत एकूण किती खर्च झाला, आणि साठा कुठे थांबवायचा हे कोण ठरवते?

– एका माजी सैनिकाचा मुलगा,
शाहूपुरी, कोल्हापूर